मूर्तिजापूरहून सरळ

पिंपळखुटे मास्तरांनी विमान चालवायला शिकायचं ठरवलं, त्याला सबळ कारण असं काहीच नव्हतं. चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतंच. कोणी पेटी शिकायला बसतो, कोणी होमिओपथीच्या गोळ्या वाटू लागतो, कोणी पहाटे उठून इतरांना उठवू लागतो. मास्तर अकोल्याच्या सरकारी हायस्कुलात भूगोल शिकवायचे. भिंतीवर नकाशा टांगून छडीच्या टोकानं नद्या दाखवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लब निघाल्याची बातमी त्यांनी वाचली आणि त्यांच्या मनात आलं, की ज्या पृथ्वीबद्दल आपण एवढं बोलतो ती एकदा वरून पाहून यावी. आपण सांगितलेलं खरं आहे की नाही, एवढं तरी कळेल.

बातमी त्यांच्या जठारपेठेत फुटली तेव्हा पहिले धावून आले ते शेजारचे बापूसाहेब. बापूसाहेब कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीची नाझरकी पत्करली होती.

"शिकवून कोन राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मिस्त्री म्हणून आहेत."

"मिस्त्री? अहो, मिस्त्र्यानं आमची मागची भिंत वाकडी बांधली, तुमी त्याच्याकडून विमान शिकता?"

"ते पारशी आहेत, बापूसाहेब. कॅप्टन आहेत. एअर फोर्समध्ये होते."

"मंग ठीक आहे." बापूसाहेबांनी थोडा विचार केला. "मागं घेता येते का विमान?"

"नाही."

"मंग पुढं गेल्यावर पस्तावा झाला तं?"

 

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंच्या पुढारीपणाखाली गल्लीतल्या बायकांचं शिष्टमंडळ आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गल्लीतल्या निम्म्या न्हाण्यांना छप्पर नाही. मास्तर सज्जन आहेत, त्यांच्याबद्दल शंका नाही, पण विमान आकाशात आणि न्हाणी जमिनीवर, आणि मध्ये काहीच नाही, हे बरं दिसत नाही. मास्तरांनी शपथेवर सांगितलं की उडताना मान खाली घालायला फुरसत नसते. तरी मास्तरांनी विमानाला हात लावण्याआधीच जठारपेठेतल्या न्हाण्यांवर भराभर पत्रे पडले. पुढे मास्तर म्हणायचे, की त्यांच्या विमानविद्येचा समाजाला झालेला तेवढाच प्रत्यक्ष उपयोग.

खरं गाडं अडलं ते कचेरीत. सरकारी नोकरानं परवानगीवाचून मुख्यालय सोडू नये असा नियम आहे. मास्तरांनी अर्ज केला तेव्हा हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला आणि एक बिनतोड मुद्दा काढला. शिक्षक मूर्तिजापूरला गेला तर त्यानं मुख्यालय सोडलं हे उघड आहे. पण तो अकोल्यातच राहून वर गेला तर? मुख्यालय आडवं सोडण्याबद्दल नियम होता, उभं सोडण्याबद्दल नव्हता. अर्ज नागपूरला गेला. तिथून तो मुंबईला गेला, कारण आता राज्याचा कारभार तिकडे होता. मुंबईत कोणालातरी अकोला कुठे आहे ते पाहावं लागलं. अखेर उत्तर आलं, की शाळेच्या वेळेत उभं किंवा आडवं काहीच सोडू नये. म्हणजे रविवार मोकळा होता.

कॅप्टन मिस्त्री उंच, कोरडे, आणि फार थोडं बोलणारे गृहस्थ होते. क्लबचं विमान दोन माणसांचं, कापडी पंखांचं, आणि त्याचं नाव पुष्पक होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी त्याचा दांडा अशा काही मुठीत आवळला, की कॅप्टन म्हणाले, "मास्टर, ये छडी नहीं है. विमान कू मारना नहीं है, समझाना है." मास्तर विमानाला समजावू लागले. विमान सुरुवातीला वर्गातल्या मागच्या बाकासारखं वागलं. उतरताना ते जमिनीला टेकायचं, पुन्हा उडी मारायचं, पुन्हा टेकायचं. "एकही बार उतरने का, मास्टर," कॅप्टन म्हणायचे, "बाकी का कल के लिए रखने का."

पण मास्तर शिकले. सकाळच्या थंड हवेत पूर्णेचं पात्र चंदेरी वळसा घेताना त्यांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. नकाशातली निळी रेघ आजवर त्यांनी हजारदा दाखवली होती. ती रेघ चमकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर ते विमलबाईंना सगळं सांगायचे. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, त्यामुळे ऐकायला त्या एकट्याच असायच्या. त्या भाजी निवडत ऐकायच्या. मास्तर सुखरूप समोर बसलेले असायचे म्हणून त्यांना ऐकवायचंही. त्याआधीचे चार तास त्या कशा काढायच्या, ते मात्र मास्तरांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता मास्तरांच्या स्वभावातली एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांनी जन्मात कधी 'चुकलो' म्हटलं नव्हतं. फळ्यावर गोदावरी कृष्णेला मिळाली तर ते म्हणायचे, "पाहत होतो, कोणाचं लक्ष आहे." नकाशात गाव सापडलं नाही तर चूक छापखान्याची. भाजीत मीठ जास्त पडलं, आणि ते त्यांनी स्वतःच टाकलेलं असलं, तरी मीठच या वेळी जरा खारट आलेलं असायचं. विमलबाईंनी हे सगळं संसाराचा भाग म्हणून घेतलं होतं.

मास्तरांनी पहिल्यांदा एकट्यानं उडायचं ठरलं त्या रविवारी घरात गडबड होती. विमलबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं. मास्तर सायकलीला किल्ली लावत, टोपी शोधत, मनात कॅप्टनच्या सूचना घोकत होते. त्या नादात उंबऱ्यावरून ते म्हणाले, "जातो गं."

विमलबाईंचा चमचा हातातच राहिला. "काय म्हनले?"

विमलबाई एरवी अकोल्याच्या सभ्य मराठीत बोलायच्या. पण राग आला की, किंवा फार माया आली की, त्यांच्या तोंडी माहेरचं अचलपूर यायचं.

"जातो म्हणालो."

"येतो म्हना."

इथे 'येतो' म्हणून टाकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण मास्तरांच्या आतला मास्तर जागा झाला. "अगं, मी अजून गेलोच नाही, तर येतो कसा? व्याकरणाच्या दृष्टीनं 'जातो' हेच बरोबर आहे," असं म्हणून ते सायकलीवर बसले.

विमान छान उडालं. उतरलंही एकदाच. कॅप्टननी हात मिळवला. मास्तर पेढे घेऊन घरी आले, तर विमलबाई देवापुढे बसलेल्या होत्या आणि त्यांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

"उंबऱ्यावरून जातो म्हनते का कोनी," त्या म्हणाल्या. "मले विमान नको, पेढे नको. एकदा चुकलो म्हना, विषय संपला."

"पण मी चुकलो कुठं? आलो ना परत!"

 मंगळवारी विमलबाईंनी ट्रंक भरली आणि त्या अचलपूरला माहेरी निघून गेल्या. निघताना उंबऱ्यावर त्या स्पष्टपणे म्हणाल्या, "येते." मास्तरांना 'ये' म्हणायचं सुचलं नाही.

शाळेत सायन्सचे देवमन तायडे मास्तर हे पिंपळखुट्यांचे जवळचे मित्र. विमानाच्या इंजिनाचा सगळा अभ्यास तायड्यांनीच त्यांच्याकडून करून घेतला होता. त्यांनी डबा उघडता उघडता प्रकरण ऐकून घेतलं.

"सर, एका शब्दाचं काम आहे," तायडे म्हणाले. "शनिवारी बसमधी बसा, परतवाड्याले उतरून अचलपूर गाठा, अन् चुकलो म्हना. मोकळे व्हा."

"पण तायडे, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाले स्वयंपाक येते का?"

तत्त्वाला स्वयंपाक येत नव्हता. मास्तर रोज खिचडी करायचे आणि ती रोज खाली लागायची. बापूसाहेबांच्या घरून आमटी आली की ते म्हणायचे, "अहो, कशाला उगाच," आणि वाटी ताबडतोब रिकामी करून द्यायचे. अचलपूरची गाडी कधी सुटते हे त्यांना पाठ होतं, तरी ते दोनदा एस.टी. स्टँडवर जाऊन ते विचारून आले. विमान उतरवणं त्यांना जमू लागलं होतं, पण स्वतःला खाली उतरणं जमत नव्हतं. आणि पुढच्या रविवारी शिवणीला निघताना दाराला कुलूप घालता घालता त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "येतो." आतून कोणी 'या' म्हणालं नाही. 

अशातच लायसन्सच्या आधीची मोठी परीक्षा आली. एकट्यानं लांबचं उड्डाण. बेत अगदी सोपा होता. अकोल्याहून मोठी रेल्वेलाईन धरायची, मूर्तिजापूर मागे टाकून सरळ बडनेरा, अमरावतीवर एक चक्कर, आणि त्याच लाईननं परत. कॅप्टन म्हणाले, "रूळ पकड के जाने का. रास्ता भूल गया तो शरमाने का नहीं. मैदान देख के उतरने का, पूछने का." भूगोलाच्या मास्तराला हे ऐकवणं म्हणजे सुताराला खिळा कसा धरावा ते सांगणं. मास्तर नुसते हसले.

सकाळ निवळ होती. कापसाची रानं, काळी माती, तुरीच्या पिवळ्या पट्ट्या खालून सरकत होत्या. समोरच्या सूर्यानं डोळे दिपत होते. आणि मास्तरांचं मन विमानात नव्हतं. संक्रांत दोन दिवसांवर आली होती. विमल दरवर्षी हलवा करायची, आणि त्याला काटा यावा म्हणून तासन् तास शेगडीशी बसायची. यंदा कोणासाठी करत असेल?

खाली मूर्तिजापूर आलं.

आता मूर्तिजापूर म्हणजे काय, हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. तिथे मोठ्या गाडीतून उतरायचं आणि अचलपूरच्या छोट्या गाडीत बसायचं. लग्न झाल्यापासून मास्तर दर दिवाळीला, दर उन्हाळ्याला मूर्तिजापूरला गाडी बदलत आले होते. पेंगत बदलत, ट्रंक सांभाळत बदलत, विमलबाईंशी वाद घालत बदलत. त्या दिवशीही त्यांनी बदलली. हात आपसूक डावीकडे गेला, पुष्पक वळलं, आणि मास्तर छोट्या लाईनवरून उत्तरेला निघाले.

सूर्य समोरून उजव्या हाताला गेला. मास्तरांना वाटलं, बरं झालं, डोळ्यांवरचं ऊन गेलं. खाली मोठी नदी आली. बडनेऱ्याच्या वाटेवर एवढी नदी नाही, हे ते दरवर्षी मुलांना शिकवत. पण पेढी नदीला पाणी जास्त आलं असेल म्हणून त्यांनी ती सोडून दिली. मग समोर निळे डोंगर उभे राहिले. ते वाढतच चालले. मास्तरांनी त्यांना अमरावतीजवळचे पोहऱ्याचे डोंगर ठरवून टाकलं. खरं म्हणजे तो अख्खा सातपुडा होता. पण सातपुडाही बिचारा काय करणार, त्याच्यावर नाव लिहिलेलं नसतं.

रूळ संपले तेव्हा मात्र मास्तरांना घाम फुटला. बडनेऱ्याला रूळ संपत नाहीत. त्यांनी विमान खाली घेऊन स्टेशनची पाटी वाचायचा प्रयत्न केला. पहिल्या चकरीत काहीच दिसलं नाही. दुसऱ्या चकरीत पाटीची शेवटची अक्षरं दिसली. 'पूर'. वऱ्हाडात निम्मी गावं पूर आहेत. तिसऱ्या चकरीला पाटीखाली एवढी माणसं जमली होती की पाटीच दिसेना. शेवटी त्यांनी कॅप्टनचा उपदेश आठवला, बैलबाजाराचं मोकळं मैदान हेरलं आणि पुष्पक उतरवलं. एकदाच. पाहायला कॅप्टन नव्हते, याचं त्यांना वाईट वाटलं.

धुरळा खाली बसायच्या आत गाव गोळा झालं.

"कोनाकडचे पाव्हने?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. जणू विमान ही रोजची बाब होती, आणि प्रश्न एवढाच, की चहा कोणाच्या घरी टाकायचा.

मास्तर नकाशा घेऊन खाली उतरले. 'हे गाव कोणतं' एवढं विचारायचं होतं. पण भूगोलाचा शिक्षक चारचौघांत असं कसं विचारणार? त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात गर्दीतून एक टांगेवाला ओरडला, "अरे बाप्पा! हे तं केशवराव वकिलाचे जवाई! अकोल्याचे!"

मास्तरांना एकदम कळलं. स्टेशन, डोंगर, नदी, सूर्य, सगळं जागच्या जागी बसलं.   आणि गर्दी दुभंगून सासरे केशवराव एक पायतण घालून, एक हातात घेऊन धावत आले. त्यांच्या मागे, कणकेच्या हातांनी, विमलबाई.

त्या मैदानात मास्तरांना म्हणायचं होतं, 'वाट चुकलो.' पण 'वाट' घशातच अडकली आणि उरलेला शब्द तेवढा बाहेर पडला.

"चुकलो," मास्तर म्हणाले.

 केशवरावांच्या हातातलं पायतण खाली पडलं.

"आयकलं का, इमल?" ते ओरडले. "जवाई विमान घेऊन आले, अन् साऱ्या गावासमोर म्हनतात चुकलो! अजून काय पायजे बाईच्या जातीले?"

"नाही, म्हणजे मी..." मास्तर म्हणाले.

"काही बोलू नका. बोलले तेवढं लय झालं."

"कोन्तं विमान म्हनाचं हे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पुष्पक," मास्तर हताशपणे म्हणाले.

मग काय विचारता! रामानं सीतेला घरी आणलं ते पुष्पकातूनच, हे अचलपुरात पोराटोरांना माहीत होतं. कोणीतरी नारळ फोडला. कोणीतरी पंख्याला हळदकुंकू लावलं. मास्तरांच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. विमलबाईंनी मात्र त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या नकाशाकडे पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "चला, चहा घ्या."

क्लबला तार करायची होती. ती केशवरावांनी स्वतः लिहिली: 'जावई विमानासह सुखरूप. संक्रांत करून पाठवू.' ही तार वाचून कॅप्टन मिस्त्री जीपनं निघाले, आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलांच्या दारात उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर लांबून दिसत होती. पण केशवरावांनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. आधी पाटावर बसवलं, गुळाच्या पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार धरली. तिसऱ्या पोळीला शीर खाली बसली.

"मास्टर," कॅप्टन म्हणाले, "सच बोलो. रास्ता भूल गया था, के बीवी याद आ गया था?"

"एकच आहे हो दोन्ही, कप्तानसाहेब!" केशवराव मोठ्यानं हसले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ताटाकडे पाहत म्हटलं, "चुकलो, कॅप्टन." त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पहिल्यांदा तो शब्द चुकून निघाला होता. आता तो चांगला येत होता. कॅप्टननी हातातली पोळी खाली ठेवली. मग म्हणाले, "बस. जो पायलट ये बोल सकता है, वो मरता नहीं." तरी त्यांनी मास्तरांचं एकट्यानं उडणं काही दिवस बंद केलं, आणि विमान स्वतः उडवत नेलं.

संक्रांत झाल्यावर मास्तर आणि विमलबाई छोट्या गाडीनं निघाले. ती गाडी अशी, की उतारू खाली उतरून हरभरा उपटून पुन्हा डब्यात चढत. विमलबाईंनी मास्तरांच्या हातावर हलवा ठेवला होता. त्याला सुरेख काटा आला होता. मास्तरांनी तो तोंडात टाकला नाही. त्यांच्या मनात काहीतरी टोचत होतं.

मूर्तिजापूरला गाडी बदलायला ते उतरले. मोठ्या गाडीला वेळ होता. दोघं ट्रंकेवर बसले.

"विमल," मास्तर म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी चुकलो म्हणालो ना..."

"हं."

"मला म्हणायचं होतं, वाट चुकलो. मी बडनेऱ्याला निघालो होतो. इथं, या स्टेशनावर, वरच्या वर गाडी बदलली आणि तुझ्याकडे आलो. तुला न्यायला म्हणून आलो नव्हतो. सगळे उगाच..."  आता ही परत फिरून छोट्या गाडीत बसेल, असं त्यांना खरोखर वाटलं, आणि तसं झालं तर तिला अडवायला आपल्याकडे एकही शब्द नाही, हेही वाटलं.

विमलबाई रुळांकडे पाहत होत्या. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नकाशा उलटा धरून उभे होते तुमी. जन्मभर नकाशे शिकवनारा मानूस. मले काय समजत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"कायले बोलू?" विमलबाईंनी पदर सावरला. "बडनेऱ्याले निघाले, अन् चुकून कुठं आले? माह्याकडंच ना? अजून काय सांगाचं असते मानसानं?"

 मास्तरांनी हलव्याचा दाणा तोंडात टाकला आणि खूप वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाले, "आणि ते 'जातो'चं... तेही चुकलोच."

"व्याकरण?"

"व्याकरण बरोबर होतं. मी चुकलो."

फाल्गुनात कॅप्टननी मास्तरांना पुन्हा त्याच उड्डाणाला सोडलं. सकाळी जठारपेठेत बापूसाहेब, गोदाबाई आणि सारी गल्ली ओट्यांवर उभी होती. निघणाऱ्याला 'कुठं' विचारू नये, एवढं सर्वांना माहीत होतं; म्हणून सगळे नुसते पाहत होते. विमलबाईंनी दही घातलं.  भीती काही गेलेली नव्हती; ती जायची नव्हतीच.

मास्तरांनी सायकल टेकवली, उंबऱ्याशी परत आले, आणि शाळेतल्या मुलानं कविता म्हणावी तसं स्वच्छ म्हणाले, "येतो."

"या," विमलबाई म्हणाल्या. आणि सायकल कोपऱ्यावर वळता वळता त्यांनी ओट्यावरून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं, मोठ्यानं सांगितलं, "अन् मूर्तिजापूरहून सरळ जा! मी आज घरीच आहे!"